भर समुद्रात जहाज, पण मासे येतात ट्रकमधून!

मुलांनो, आज संध्याकाळी आईबाबांना एक कोडं घाला. चहूकडे समुद्र. समुद्रात मासेच मासे. समुद्रावर एक भलंमोठं जहाज. जहाजावर हजारो माणसं, आणि त्यांच्या जेवणात रोज मासे. तर मग हे मासे येतात कुठून?

बाबा म्हणतील, "हे काय कोडं झालं? समुद्रातून येतात!"

मग तुम्ही ऐटीत सांगायचं, "नाही! ट्रकमधून येतात."

खोटं वाटतं ना? पण ही अगदी खरी गोष्ट आहे. सुट्टीत मौजमजेसाठी समुद्राची सफर घडवणारी जी मोठमोठी प्रवासी जहाजं असतात, म्हणजे ज्यांना आपण क्रूझ म्हणतो, ती जहाजं समुद्रातून एक साधा बांगडासुद्धा पकडत नाहीत. त्यांचे मासे जमिनीवरून येतात आणि तेही बहुतेक गोठवलेले, खोक्यांत भरलेले. असं का? ते मासे चांगले असतात का? आणि हजारो माणसांना मासे खाऊ घालताना एखादा मासा खराब निघाला तर? चला, आज जहाजाच्या भटारखान्यात एक फेरफटका मारून येऊ.

तरंगतं गाव आणि त्याचा बाजारहाट

आधी जहाज केवढं असतं ते बघू. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजांपैकी एक. जानेवारी २०२४ मध्ये ते अमेरिकेतल्या मायामी बंदरातून पहिल्या सफरीला निघालं. लांबी जवळजवळ ३६५ मीटर. म्हणजे क्रिकेटच्या अठरा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी त्यात मावतील! वीस मजले. जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी. दोन्ही मिळून झाले जवळपास दहा हजार. आपल्याकडचं एखादं चांगलं मोठं गावच की!

आता वही घ्या आणि एक गणित सोडवा. समजा, या दहा हजारांपैकी दर चौथ्या माणसाने रात्रीच्या जेवणात मासा मागितला. प्रत्येकाला २०० ग्रॅमचा तुकडा वाढायचा. किती मासा लागेल? अडीच हजार माणसं गुणिले २०० ग्रॅम, म्हणजे ५०० किलो. तेही फक्त एका रात्रीच्या जेवणाला! शिवाय हा नुसता साफ केलेला मासा. डोकं, शेपूट, काटे आणि पोटातला भाग काढला की अख्ख्या माशातला साधारण निम्माच भाग हाती राहतो. म्हणजे मूळ मासे हवेत एक टन. सात दिवसांचे सात टन. बापरे!

हा हिशेब आपण मनाने धरलेल्या आकड्यांचा आहे, पण त्यावरून कामाचा आवाका लक्षात येतो. घरी अचानक चार पाहुणे आले तर आईची किती धावपळ होते, ते आठवा. इथे तर रोजचे पाहुणे दहा हजार, आणि "जा रे, कोपऱ्यावरून पटकन घेऊन ये" म्हणायला कोपराच नाही!

मग जाळं का टाकत नाहीत?

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? मागच्या बाजूने एक जाळं सोडायचं, झालं!

पण तसं करता येत नाही. पहिलं कारण वेगाचं. क्रूझ जहाज तासाला साधारण ३५ ते ४० किलोमीटर वेगाने चालतं. मासेमारीचा ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा त्याचा वेग असतो तासाला अवघा पाचसात किलोमीटर. म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याएवढा. क्रूझच्या वेगाने ओढलं तर जाळं फाटून चिंध्या होतील.

दुसरं कारण कायद्याचं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या माशांवर त्या त्या देशाचा हक्क असतो. १९८२ साली झालेल्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारात तसं ठरलेलं आहे. परवान्याशिवाय दुसऱ्याच्या समुद्रात मासे धरणं म्हणजे सरळसरळ चोरीच.

आणि तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. जहाजावर शिजणारा प्रत्येक मासा कुठून आला, कुणी पकडला, कसा साठवला, याची नोंद असावी लागते. ज्या माशाचा असा पत्ता सांगता येत नाही, त्याला भटारखान्यात प्रवेश नाही!

बंदरातला तो एक दिवस

आठवड्याची सफर संपवून जहाज पहाटे बंदरात लागतं आणि त्याच दिवशी दुपारी नव्या प्रवाशांना घेऊन पुन्हा निघतं. एका बाजूने जुने प्रवासी उतरत असतात, आणि दुसऱ्या बाजूला धक्क्यावर ट्रकांची रांग लागलेली असते. बटाटे, अंडी, दूध, पीठ, फळं, मांस आणि मासे. हे सगळं आठदहा तासांच्या आत जहाजाच्या पोटात गेलं पाहिजे. काही विसरलं तर? परत जायची सोयच नाही.

माशांची खोकी आली की कोठाराचा प्रमुख हातात थर्मामीटर घेऊन उभा राहतो. गोठवलेलं खोकं असेल तर ते दगडासारखं टणक पाहिजे. खोक्याच्या आत बर्फाचे मोठे खडे जमलेले दिसले किंवा पुठ्ठा भिजून वाळल्यासारखा दिसला, की ओळखायचं : माल वाटेत एकदा वितळला होता आणि पुन्हा गोठवलाय. असा माल धक्क्यावरूनच परत!

कालवांची तर आणखी कडक तपासणी. कालवं आणि शिंपले समुद्राचं पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. पाणी घाण असेल तर त्यातले रोगजंतूही त्यांच्या पोटात साठतात. म्हणून अमेरिकी नियमांप्रमाणे कालवांच्या प्रत्येक पोत्याला एक चिठ्ठी असते. कुठल्या खाडीतून, कुठल्या तारखेला काढली ते तिच्यावर लिहिलेलं असतं. कालवं खाऊन संपली तरी ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची. का? तर नंतर कुणी आजारी पडलं तर दोष कुठल्या खाडीचा, ते शोधता यावं.

मीठ, बर्फ आणि एक चौकस माणूस

शीतगृहं नव्हती तेव्हा काय करत असतील? जुन्या काळच्या शिडाच्या जहाजांवर मासा असायचा तो खारवलेला किंवा सुकवलेला. महिनोन् महिने तोच! ताजा मासा मिळाला तर खलाशाने गळ टाकून पकडलेला.

मग वाफेची जहाजं आली आणि त्यांच्याबरोबर थंड कोठारंही आली. १९१२ सालचं 'टायटॅनिक' तुम्हाला माहीतच आहे. त्या जहाजावर इतर शिध्याबरोबर सुमारे ५ टन ताजे मासे आणि जवळजवळ १,८०० किलो खारवलेले-सुकवलेले मासे चढवले होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री पहिल्या वर्गाच्या जेवणात कालवं होती आणि सामन मासा होता. तो जेवणाचा कागद आजही उपलब्ध आहे. त्या जेवणानंतर काही तासांतच काय झालं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

त्याच वर्षी, १९१२ मध्येच, क्लॅरन्स बर्ड्‌सआय नावाचा एक तरुण अमेरिकन कॅनडाच्या लॅब्रेडोर भागात गेला. अतिशय थंड मुलूख. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरायचे. मासा पाण्याबाहेर काढला की कडाक्याच्या थंडीने आणि बोचऱ्या वाऱ्याने क्षणात गोठून लाकूड व्हायचा. गंमत म्हणजे काही महिन्यांनी तो मासा वितळवून शिजवला तर चव अगदी ताज्यासारखी!

बर्ड्‌सआय चौकस होता. त्याने स्वतःलाच विचारलं, शहरात मिळणारा गोठवलेला मासा भुसभुशीत आणि बेचव लागतो, मग हा का नाही? उत्तर सापडलं. शहरातला मासा हळूहळू गोठवतात, इथला झटकन गोठतो. परत आल्यावर त्याने अतिशय थंड धातूच्या पत्र्यांमध्ये मासे दाबून पटकन गोठवायचं यंत्र बनवलं. १९२४ मध्ये त्याने मासे गोठवण्याची कंपनी काढली, आणि १९३० पासून अमेरिकेतल्या दुकानांत असे गोठवलेले पदार्थ विकायला आले. आज जहाजावर जे मासे जातात, ते याच युक्तीच्या जोरावर.

ताजा चांगला की गोठवलेला?

"शी! गोठवलेला मासा कोण खाणार?" असं आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. कोकणात तर म्हणतीलच! पण थांबा. आधी एक प्रयोग करा.

टोमॅटोची एक जाड चकती कापा आणि बशीत घालून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी बाहेर काढा आणि वितळू द्या. काय दिसलं? चकती लिबलिबीत झाली आणि बशीभर पाणी सुटलं. घरच्या फ्रीजमध्ये गोठायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाण्याचे मोठमोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि ते पेशींना भोकं पाडतात. वितळल्यावर त्यातून सगळा रस गळून जातो. पटकन गोठवलं तर स्फटिक अगदी बारीक होतात आणि पेशी बऱ्याच शाबूत राहतात. बर्ड्‌सआयचं गुपित ते हेच!

आता दुसरी बाजू बघा. मासा मेला की लगेच खराब व्हायला लागतो, आणि मटणापेक्षा लवकर. कारण मासा थंड पाण्यात राहणारा जीव. त्याच्या अंगावरचे आणि कल्ल्यांतले जंतू थंडीला सरावलेले असतात. नुसत्या गारव्याला ते दाद देत नाहीत. म्हणून कोळीण मावशी माशांवर बर्फ घालते तो अगदी चांगला चुरा करून, भरपूर.

माशाला जो 'मासळीचा वास' येतो ना, तोही याच जंतूंचा उद्योग. अगदी ताज्या माशाला फारसा वास नसतोच. नंतर जंतू माशातल्या एका पदार्थाचं ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या रसायनात रूपांतर करतात आणि वास सुटतो. त्या रसायनावर आंबट पदार्थांची मात्रा चालते. आता कळलं, आई माशाच्या कालवणात आमसूल किंवा चिंच का घालते? आणि परदेशात माशाबरोबर लिंबाची फोड का देतात? आजीला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं!

तर मग खरं चांगलं काय? पकडल्या पकडल्या बोटीवरच गोठवलेला मासा हा चार दिवस बर्फात फिरून आलेल्या 'ताज्या' माशापेक्षा सरस असू शकतो. आणि सकाळी धक्क्यावर उतरलेला, दुपारी ताटात पडलेला मासा या दोघांपेक्षाही सरस. नुसत्या 'ताजा' या शब्दावर जाऊ नका. पकडल्यापासून किती वेळ गेला आणि तेवढा वेळ तो किती थंड राहिला, हे दोन प्रश्न विचारा.

भटारखान्यातले कायदे

जहाजावर मासा बिघडला तर काय होईल, याचा विचार करा. शहरात एखाद्या खाणावळीत चारजण आजारी पडले तर जवळच दवाखाना असतो. भर समुद्रात हजार माणसं एकदम आजारी पडली तर? जहाजावरचा दवाखाना लहानसा, डॉक्टर मोजके, आणि किनारा दोन दिवसांवर! म्हणून तिथले कायदे फार कडक असतात.

गोठवलेला मासा उणे १८ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड कोठारात राहतो. तो वितळवायचा तोही थंड खोलीतच, ओट्यावर उघडा टाकून नव्हे. थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाता कामा नये. मासा शिजवताना त्याच्या अगदी आतपर्यंत ६३ अंश उष्णता पोचली पाहिजे. काही माशांत बारीक जंत असतात. म्हणून कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशात सात दिवस ठेवायचा, म्हणजे ते मरतात. कच्च्या माशाची सुरी वेगळी, पाट वेगळा. हा पाट बहुतेक ठिकाणी निळा असतो. कोंबडीचा वेगळा, भाजीचा वेगळा. निळ्या पाटावर काकडी कापली तर ओरडा बसलाच म्हणून समजा!

कुपा, बांगडा, सुरमई या भावकीतल्या माशांची आणखी एक भानगड आहे. हे मासे उन्हात किंवा गरम जागी पडून राहिले, तर जंतू त्यांच्यात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार करतात. असा मासा खाल्ला की तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते. आणि ऐका, हे द्रव्य कितीही तळा, कितीही उकळा, जात नाही! म्हणजे एकदा झालेली हयगय नंतर कुठलाही बल्लवाचार्य दुरुस्त करू शकत नाही. हे आपल्या घरालाही लागू आहे. बाजारातून आणलेला बांगडा दुपारभर पिशवीत तसाच ठेवायचा नाही, समजलं?

भटारखान्यात कुठे चूक होऊ शकते, हे आधीच शोधून तिथेच पहारा बसवायचा, अशी एक पद्धत आहे. ती मुळात निघाली १९६० च्या दशकात, अंतराळवीरांच्या जेवणासाठी! अवकाशात पोट बिघडलं तर काय घ्या? अमेरिकेत डिसेंबर १९९७ पासून माशांचे पदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यांना ही पद्धत सक्तीची झाली, आणि जहाजांवरही तिचाच धडा गिरवला जातो.

शिवाय परीक्षाही असते, बरं का! अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथलं आरोग्य खातं तपासणी करतं. ही पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली. आगाऊ सूचना न देता निरीक्षक जहाजावर दाखल होतात. एकूण गुण १००. उत्तीर्ण व्हायला किती हवेत? ३५? छे! ८६. पंच्याऐंशी मिळाले तरी नापास. आणि हे गुण कुणालाही बघायला मिळतात. आता सांगा, तुमची परीक्षा सोपी की जहाजाची?

ताटात काय काय असतं?

जगात माशांच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत. मग जहाजावर रोज नवा मासा मिळत असेल, नाही का? तसं मुळीच नाही. बहुतेक मोठ्या जहाजांवर फिरून फिरून तेच गडी दिसतात : सामन, कॉड, कोळंबी, तिलापिया, एखादा बासा, आणि सफरीत एखाद्या खास रात्री शेवंड, म्हणजे लॉब्स्टर.

याचं कारण हिशेबात आहे. हजार ताटांत हजार तुकडे एकसारखे दिसले पाहिजेत. काटा नको. शिजायला सारखाच वेळ लागला पाहिजे. आणि वर्षभर, हव्या त्या दिवशी, हवा तेवढा माल मिळाला पाहिजे. हे जमतं ते मुख्यतः शेतीतल्या माशांना. हो, माशांचीही शेती असते! अटलांटिक सामन नॉर्वे आणि चिलीच्या समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यांत वाढवतात. बासा येतो व्हिएतनामच्या तळ्यांतून. कोळंबीही बहुतेक तळ्यांतलीच. २०२४ साली अमेरिकेला सर्वांत जास्त कोळंबी पाठवणारा देश होता आपला भारत. तेव्हा मायामीच्या जहाजावर एखादा साहेब मिटक्या मारत खातो, ती कोळंबी आंध्रच्या तळ्यातली असली तर नवल नाही!

आपला बोंबील मात्र तिथे कधीच दिसायचा नाही. तो इतका मऊ आणि पाणीदार, की हजार ताटांपर्यंत पोचेतो त्याचा लगदा व्हायचा. तारलीचं दुखणं वेगळं, काटेच काटे! आणि एक गैरसमज आत्ताच दूर करू. आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणतात, पण तो सामन नव्हेच. दोघांची कुळं अगदी वेगळी.

थोडक्यात, जहाज जितकं मोठं, तितके ताटातले मासे ठरावीक. मासा वाईट नसतो, नियमांमुळे सुरक्षितही असतो, पण सगळीकडे चव एकच. आपण बार्बाडोसजवळ आहोत की मेक्सिकोजवळ, हे ताटावरून ओळखू येत नाही.

जिथे बंदर, तिथला मासा

पण काही जहाजं वेगळ्या वाटेने जातात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून टपाल, माल आणि माणसं नेणारी बोटींची सेवा आहे. बर्गन ते किर्केनेस, चौतीस बंदरं. आपल्या कोकणात पूर्वी बोट बंदरोबंदरी थांबायची ना, तशीच! या बोटी लहान, आणि बंदरं रोजची. त्यामुळे वाटेत जिथे जे चांगलं मिळतं ते चढवून घेता येतं.

लोफोटेन बेटांजवळ थंडीत उत्तरेकडून कॉड माशांच्या झुंडी अंडी घालायला येतात. तो ताजा कॉड मिळतो साधारण जानेवारी ते एप्रिल. उरलेला लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगून सुकवतात. मीठ नाही, काही नाही, नुसता गार वारा. वर्सोव्याला किंवा मढला वलांडीवर बोंबील वाळत घातलेले पाहिलेत ना? तेच दृश्य, फक्त मासा मोठा आणि मागे बर्फाचे डोंगर! अगदी उत्तरेला किर्केनेसला मिळतो राजखेकडा. हा मूळचा तिथला नव्हेच. १९६० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनी तो पूर्वेकडच्या समुद्रातून आणून सोडला, आणि तो चालत चालत नॉर्वेत पोचला.

अमेरिकेच्या अलास्काकडे जाणारी जहाजंही भाग्यवान. तिथल्या सफरी मे ते सप्टेंबरमध्ये असतात, आणि सामन मासे समुद्रातून नद्यांत शिरतात तेही साधारण याच काळात. तिथे पाच जातींचे सामन मिळतात. अलास्कात पिंजऱ्यांत मासे वाढवण्याच्या शेतीवर १९९० पासून बंदी आहे. मासे पुढच्या पिढ्यांना पुरतील असेच धरायचे, हे तत्त्व तर त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे!

आपली माणसं

ही सारी धावपळ करतं कोण? यात आपली माणसं पुष्कळ आहेत. ब्रिटिश काळापासून गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी आगबोटींवर नाव कमावून होते. कोकणीत अशा दर्यावर्दी माणसाला 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबीतलावाकडे गोव्याच्या एकेका गावाचे 'कूड' होते, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या खोल्या. एक बोट सुटली की दुसरी मिळेपर्यंत तारवटी तिथे मुक्काम करायचा. आजही गोवा, कोकण, मुंबईची कितीतरी तरुण मुलं क्रूझ जहाजांच्या भटारखान्यात काम करतात. सलग सहासहा, नऊनऊ महिने घरापासून दूर. गणपतीला घरी येणं जमेलच असं नाही. दिवसभर पाहुण्यांसाठी शेवंडी भाजायच्या, आणि रात्री कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात भात आणि आमटी मिळाली की जीव सुखावतो. तुमच्यापैकी कुणाचे काका किंवा दादा जहाजावर असतील, तर सुट्टीवर आल्यावर त्यांना जरूर विचारा. या लेखात नसलेल्या शंभर गोष्टी ते सांगतील!

पट्टी काढा, पट्टी!

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रश्न. सगळ्या जगाला एकच मासा आवडायला लागला तर त्या माशाचं काय होतं?

दक्षिणेकडच्या खोल, थंड समुद्रात टूथफिश नावाचा मासा राहतो. दिसायला कुरूप. १९७७ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याला 'चिलियन सी बास' असं झोकदार नाव दिलं आणि तो मोठमोठ्या हॉटेलांत जाऊन बसला. मागणी एवढी वाढली की चोरून मासेमारी सुरू झाली. हा मासा पन्नास वर्षं जगू शकतो, पण वयात यायलाच त्याला बरीच वर्षं लागतात. पिल्लं व्हायच्या आतच पकडला, तर पुढची पिढी येणार कुठून? शेवटी लोक जागे झाले. कडक नियम आले, पहारे बसले, आणि काही ठिकाणी आता तो मोजूनमापून धरतात. म्हणून जहाज कंपन्यांनी कुठला मासा विकत घ्यायचा, यालाही फार महत्त्व आहे. दहा हजार तोंडांची मागणी ही लहान गोष्ट नाही.

पण फक्त जहाजवाल्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. पापलेट आपल्या सगळ्यांचं लाडकं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. पण पुरेसं वाढायच्या आधीच पकडलेली पापलेटची पिल्लं बाजारात येतात, आणि स्वस्त मिळतात म्हणून आपण घेतोही! राज्याच्या नियमाप्रमाणे १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही.

साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे केवढं? तुमच्या कंपासपेटीत पट्टी आहे ना, ती १५ सेंटीमीटरची. तिच्याहून बोटभर आखूड. तर पुढच्या रविवारी आईबाबांबरोबर बाजारात जाल तेव्हा पट्टी खिशात असू द्या. कल्ले लाल आहेत का पाहा, डोळे चकचकीत आहेत का पाहा, बोटाने दाबून खड्डा राहतो का पाहा. आणि मग हळूच पट्टी काढा. कोळीण मावशी आधी हसेल. पण छोटं पापलेट बाजूला ठेवून तुम्ही म्हणालात, "मावशी, याला अजून मोठं होऊ द्यायचं होतं," तर तीही मान डोलावेल. कारण समुद्रात मासे उरले, तर तिच्या टोपलीत उरतील.

मात्र मोजून झाल्यावर पट्टी साबणाने स्वच्छ धुवायला विसरू नका. नाहीतर सोमवारी भूमितीच्या तासाला सगळ्या वर्गाला कळेल, तुमच्याकडे रविवारी काय बेत होता ते!